पुढे येणारा आणि पुढे नेणारा

टीम लीडची जागा भरायची असली की निवड समितीत एक वाक्य हमखास येतं: ‘याच्यात लीडरशिप उपजतच आहे.’ अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसते आहे आणि हे वाक्य मीही अनेकदा उच्चारलं आहे. हल्ली ते कानावर आलं की मी विचारते, नेमकं काय उपजत आहे? चार माणसांत हा पुढे येतो, ते? की चार माणसांना हा पुढे नेईल, ते?

दोन्हींना आपण ‘नेतृत्वगुण’ हाच शब्द वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो. पुढे येणं म्हणजे इतरांनी तुम्हाला नेता मानणं, निवडून देणं, खुर्ची देणं. पुढे नेणं म्हणजे त्या खुर्चीत बसल्यावर हाताखालच्या माणसांचं काम खरोखर सुधारणं, चांगली माणसं टिकणं, अडचणीच्या वेळी गट न फुटणं. पहिली गोष्ट अर्ध्या तासात दिसते. दुसरी दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तोवर निवड कधीच होऊन गेलेली असते. जन्मजात स्वभावामुळे माणूस चांगला नेता होतो का, याचं उत्तर आपण यातल्या कशाबद्दल विचारतोय यावर पुष्कळ बदलतं.

आधी पुढे येण्याचं बघू. अनोळखी आठ-दहा जणांना टेबलाभोवती बसवा, एक काम द्या आणि प्रमुख नेमू नका. थोड्याच वेळात कुणीतरी प्रमुख झालेला असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला असे बिननेत्याचे गट वापरले. आजच्या गटचर्चेच्या फेरीत तीच कल्पना दिसते. या गटांत नेता कोण ठरतो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३ गटांमधल्या २५६ जणांचा बोलण्याचा वेळ मोजला होता. जो जास्त वेळ बोलला, त्याला बाकीच्यांनी नेता म्हणून जास्त पसंती दिली. बुद्धिमत्ता आणि स्वभाव हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

आणि बोलायचीही गरज नसते. जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास यांनी स्वित्झर्लंडमध्ये ५ ते १३ वर्षांच्या मुलांना आधी समुद्रप्रवासाचा एक खेळ संगणकावर खेळायला दिला. मग दोन अनोळखी चेहरे समोर ठेवून विचारलं, तुझ्या बोटीचा कप्तान कोणाला करशील? ते चेहरे होते फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवारांचे. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरीही सुमारे ७१ टक्के वेळा त्यांनी खऱ्या निवडणुकीत जिंकलेल्यालाच कप्तान केलं. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची ठेवण तर बऱ्याच अंशी जन्माने मिळालेली. तिच्या जोरावर माणूस निवडून येऊ शकतो. पण वादळात बोट कशी हाकायची हे त्याला ठाऊक आहे की नाही, याबद्दल तो फोटो काहीच सांगत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतले व्यवस्थापनाचे प्राध्यापक फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनेजर लोकांचा दिवस प्रत्यक्षात कशात जातो याच्या नोंदी ठेवल्या. १९८८ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष मला आजही महत्त्वाचे वाटतात. भराभर बढत्या मिळवणारे मॅनेजर सुमारे ४८ टक्के वेळ ओळखीपाळखी वाढवण्यात आणि सांभाळण्यात घालवत होते. ज्यांच्या विभागाचं काम चांगलं आणि माणसं समाधानी, असे मॅनेजर त्यासाठी जेमतेम ११ टक्के वेळ देत. त्यांचा ४४ टक्के वेळ रोजच्या कामाच्या बोलण्यात जाई: माहिती देणं-घेणं, कागदपत्रं बघणं. आणखी २६ टक्के माणसांवर: शिकवणं, हुरूप देणं, भांडणं सोडवणं. दोन्ही कसोट्यांवर वरच्या एक तृतीयांशात बसणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणजे ज्याला बढती मिळते तो आणि ज्याच्या हाताखाली काम फुलतं तो, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं होती.

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही समजूत अभ्यासकांमध्येही दीर्घकाळ होती. स्कॉटिश लेखक टॉमस कार्लाइल यांनी १८४० साली थोर पुरुषच इतिहास घडवतात असं व्याख्यानांतून मांडलं, आणि १८६९ साली इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी थोरवी घराण्यातून उतरते असा दावा केला. १९४८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ राल्फ स्टॉगडिल यांनी १२४ अभ्यास तपासून सांगितलं, की काही ठराविक गुणांचा संच अंगी आहे म्हणून कोणी नेता होत नाही. ते गुण त्या गटाच्या गरजेशी जुळावे लागतात. त्यानंतर काही दशकं स्वभावगुणांचा विषय मागे पडला. पुढे तो परत येऊ लागला, आणि त्याला मोठा जोर मिळाला २००२ साली, टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी ७३ नमुन्यांवरचे निष्कर्ष एकत्र करून मांडले तेव्हा.

या अभ्यासाचा दाखला बहुतेक वेळा एवढाच दिला जातो, की बहिर्मुख माणसं चांगली नेते होतात. पण त्यात पुढे येणं आणि पुढे नेणं यांचे आकडे वेगवेगळे दिले आहेत, आणि खरी मेख तिथे आहे. इथे शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध. बहिर्मुखतेचा पुढे येण्याशी संबंध ०.३३, पुढे नेण्याशी ०.२४. काटेकोरपणाचा अनुक्रमे ०.३३ आणि ०.१६. आणि मनमिळाऊपणाचा? पुढे येण्याशी ०.०५, म्हणजे जवळपास काहीच नाही. पुढे नेण्याशी मात्र ०.२१. जो गुण निवडीच्या वेळी कुणाच्या नजरेतही भरत नाही, तो नंतर काटेकोरपणाहून जास्त उपयोगी पडतो. नव्याची ओढ आणि भावनिक स्थैर्य दोन्हीकडे साधारण सारखंच वजन राखून आहेत.

पाचही गुण एकत्र धरले तर पुढे येण्याशी संबंध ०.५३ आणि पुढे नेण्याशी ०.३९. या आकड्यांचा वर्ग केला की फरकाचा किती भाग उलगडतो ते कळतं. साध्या भाषेत, कोण पुढे येतो यातल्या फरकाचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग स्वभावावरून सांगता येतो. कोण चांगलं नेतो, यातला जेमतेम १५ टक्के. हा आकडा क्षुल्लक नाही. स्वभावाला काही अर्थच नाही असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पण उरलेले ८५ टक्के स्वभावाच्या चाचणीत सापडत नाहीत, हेही तितकंच खरं. शिवाय ‘चांगलं नेतो’ हे अशा अभ्यासांत बहुतेकदा वरिष्ठांच्या किंवा हाताखालच्यांच्या मतांवरूनच मोजलेलं असतं. रुबाबदार माणसाला त्या मतांतही थोडं झुकतं माप मिळत असणार.

स्वतःवर खूश असणाऱ्या, आत्मप्रेमी माणसांबाबत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. २०१५ साली एमिली ग्रिहाल्वा आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आत्मप्रेमी माणसं नेतेपदी जास्त पोचतात, पण नेतृत्व परिणामकारक होण्याशी त्या आत्मप्रेमाचा सरळ संबंध दिसला नाही. अगदी कमी असणं आणि फार जास्त असणं, दोन्ही नडत होतं.

‘पण नेतृत्व जनुकांत असतं हे सिद्ध झालंय ना?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. त्यामागे जुळ्यांवरचे अभ्यास आहेत. रिचर्ड आर्व्ही आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एकसारख्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्या भावांची तुलना करून सांगितलं, की नेतृत्वातल्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के आनुवंशिक आहेत. २०१३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा २४ टक्के आला. आकडे खरे आहेत. पण मोजलं काय होतं? त्या माणसांनी नेतृत्वाची पदं भूषवली की नाही, एवढंच. पदावर त्यांनी काय केलं, हा त्या अभ्यासांचा विषयच नव्हता. म्हणजे ज्याला लोक जन्मजात नेतृत्वाचा पुरावा म्हणतात तो पुढे येण्याचा पुरावा आहे. आणि ३० टक्के याचा अर्थ कुणा एकाच्या नेतृत्वातला तेवढा भाग आईबापांकडून आला, असाही होत नाही. माणसामाणसांतल्या फरकाचा तो हिशेब आहे.

तोच स्वभाव एका गटाला तारतो आणि दुसऱ्याला मारतो, हेही विसरून चालत नाही. अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जीनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ साली पिझ्झाच्या एका साखळीतली ५७ दुकानं तपासली. जिथे कर्मचारी सांगितलेलं निमूट करणारे होते, तिथे बहिर्मुख प्रमुखाच्या दुकानाला जास्त नफा होत होता. जिथे कर्मचारी स्वतःहून सूचना करत, सुधारणा सुचवत, तिथे मात्र बहिर्मुख प्रमुख असलेल्या दुकानांचा नफा कमी निघाला. स्वतःच बोलणाऱ्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेणं जड जातं, हे त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. स्टॉगडिल यांनी १९४८ साली म्हटलं होतं ते यापेक्षा फार वेगळं नाही.

ऐकून घेणं, कामाची नीट वाटणी करणं, चूक झाल्यावर माणसाला न तोडता चूक दाखवणं, यातलं बरंच शिकता येतं. २०१७ साली क्रिस्टिना लासेरेंझा आणि सहकाऱ्यांनी ३३५ नमुन्यांवरून नेतृत्व-प्रशिक्षणाचा आढावा घेतला. प्रशिक्षणाने फरक पडतो, आणि एका दमात उरकण्यापेक्षा सत्रांमध्ये अंतर ठेवून, सराव करवून, केलेलं कसं झालं हे सांगत शिकवलं तर जास्त पडतो, असं त्यात दिसलं.

माझ्या एका जुन्या नोकरीत आमच्या टीमची प्रमुख मितभाषी होती. तिच्याकडे एक साधी वही असायची. मीटिंगमध्ये कुणाचं वाक्य अर्धवट राहिलं की ती त्यात नाव आणि दोन शब्द लिहायची. पुढच्या मीटिंगची सुरुवात तिथून व्हायची: ‘परवा तू काहीतरी म्हणत होतीस, ते राहिलं.’ दोन वर्षांत आमच्यातलं कुणीही टीम सोडून गेलं नाही, आणि वर्षभर रखडलेलं एक काम त्या वहीतल्या अशाच एका अर्धवट वाक्यातून मार्गी लागलं. तिला ते पद आधीच्या प्रमुखाने अचानक नोकरी सोडल्यामुळे, तात्पुरतं म्हणून मिळालं होतं. त्याच्या आधीच्या वर्षी तिने त्याच पदासाठी अर्ज केला होता. तेव्हाच्या गटचर्चेत ती जेमतेम दोन मिनिटं बोलली होती आणि पहिल्याच फेरीत बाद झाली होती.