हेडलाइटमधली वाफ आणि हेडलाइटमधलं पाणी

रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी हेडलाइटच्या काचेला आतून धुरकट थर दिसतो. सील गेलं, असं समजून बरेच जण सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि दिसेल ती फट बुजवून टाकतात. त्यात जी भोकं मुद्दाम ठेवलेली असतात तीही बुजतात आणि दुखणं वाढतं.

आजचा हेडलाइट हवाबंद नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि विझला की आकसते. आत १० लिटर हवा मावते असं धरू. ती ६० अंशांवरून २० अंशांवर आली तर साधारण सव्वा लिटर हवा बाहेरून आत ओढली जाते. ही ये-जा नीट व्हावी म्हणून मागच्या बाजूला छिद्रं असतात. काही दिव्यांत त्यावर वाकडी रबरी नळी किंवा टोपी असते, काहींत बटणाएवढी पांढरट चकती चिकटवलेली असते. या चकतीच्या पटलातून हवा आणि बाष्प जातं, पाण्याचा थेंब जात नाही. हा रस्ता बंद केला तर गार होणारा दिवा पाण्याच्या पिचकारीसारखा ओढ घेतो आणि सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतूनही पाणी खेचतो. तापलेल्या दिव्यावर गार पाण्याचा जोरदार फवारा मारणं म्हणूनच वाईट.

मग नुसत्या हवेतून किती पाणी जमू शकतं? ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं, १५ अंशांना सुमारे १३ ग्रॅम. म्हणजे आपल्या १० लिटरच्या दिव्यात ती हवा गार झाली तर सुटणारं पाणी ०.१७ ग्रॅम, जेमतेम तीन-चार थेंब. त्यात काचेची भर पडते. आपण काच म्हणतो ती खरं तर पॉलीकार्बोनेटची असते आणि हे प्लास्टिक हवेतला ओलावा थोडा पिऊन ठेवतं, वजनाच्या ०.१५ टक्क्याच्या आसपास. अर्धा किलोच्या काचेत झाला पाऊण ग्रॅम. तोही सगळा एकदम बाहेर येत नाही.

एवढ्या पाण्याचा पातळ थर होतो, डबकं होत नाही. निदानाची किल्ली हीच आहे. बारीक दवासारखा थर, तोही बहुधा बल्बपासून लांबच्या, खालच्या कोपऱ्यात, आणि लो-बीम लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर विरत जाणारा, असेल तर दिवा श्वास घेतोय. हात लावू नका. ओघळ, मोठे थेंब, तळाशी हलणारं पाणी किंवा दोन-तीन कोरडे दिवस जाऊनही न हटणारं धुकं असेल तर पाणी बाहेरून येतंय किंवा छिद्रं तुंबली आहेत. दोन दिव्यांपैकी एकाच दिव्यात हे होत असेल तर संशय आणखी पक्का.

गळतीचा सगळ्यात सामान्य गुन्हेगार मागचं झाकण असतो. बल्ब बदलताना रबरी झाकण तिरकं बसतं, त्याची कड दुमडते, किंवा बल्बच्या बुडाची रबरी रिंग तिथेच पडून राहते. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घातला की मागचा पंखा झाकणात मावत नाही, मग झाकणाला भोक पाडलं जातं किंवा ते काढूनच टाकलं जातं. पुढच्या पावसात व्हायचं ते होतं. त्यानंतर नंबर चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने तुंबलेल्या नळीचा. मग तडे, आणि काच व मागचा डबा यांच्यातला डिंकाचा सांधा. एक वाट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: वायरीच्या तांब्याच्या तारांमधल्या पोकळीतून पाणी सरपटत येतं. कनेक्टरवर हिरवा गंज दिसला तर तिकडे बघा.

फट शोधायला दिवा गाडीतून काढा. आधी बॅटरीची ऋण तार सोडा. झेनॉन दिवा असेल तर हे टाळूच नका, त्याचा चालू होतानाचा झटका २० हजार व्होल्टच्या वर जातो. एक छिद्र सोडून बाकीची तात्पुरत्या टेपने बंद करा. उरलेल्या छिद्रात नळी घालून तोंडाने हलकेच फुंका आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावत जा. जिथे बुडबुडे फुगतील तिथे खूण करा. कॉम्प्रेसर लावू नका, चांगला सांधाही सुटेल. शेवटी सगळी टेप आठवणीने काढा.

आता वाळवणं. साचलेलं पाणी दिवा तिरका करून ओता. हेअर ड्रायर कमी आचेवर, १५ ते २० सेंटिमीटरवरून, मागच्या तोंडातून फिरवत राहा. काच हाताला चटका देईल इतकी तापता कामा नये. मग झाकणं उघडी ठेवून दिवा कोरड्या खोलीत रात्रभर राहू द्या. सोबत १० ग्रॅमच्या दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवता येतात, पण दिवा बसवताना त्या मोजून बाहेर काढा. आत कायमची ठेवलेली पुडी रोज आत येणाऱ्या हवेपुढे लवकरच भरून जाते आणि तापलेल्या बल्बला टेकली तर जळते. आतून पुसायचा मोह आवरा: रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की कापडाने तो निघून येतो, आणि अनेक काचांना आतून वाफ न धरणारा लेप असतो, तोही स्पिरिटने जातो.

खूण केलेली जागा पूर्ण वाळल्यावर, स्पिरिटने बाहेरून साफ करून न्यूट्रल सिलिकॉनने बुजवा आणि २४ तास सुकू द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. सुकताना त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड रिफ्लेक्टर आणि धातूचे संपर्क खातं. सांधा नव्याने चिकटवायला भट्टीत तापवून काच वेगळी करायची युक्ती फक्त मऊ ब्युटाइल डिंकावर चालते. कडक पॉलीयुरेथेनने चिकटवलेली काच तडकते, आणि हे आधी कळणं अवघड असतं.

एलईडी दिव्यांचे मालक जास्त तक्रार करतात, त्यालाही कारण आहे. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब प्रकाशाबरोबर भरपूर उष्णता पुढे फेकतो आणि काच शेकून निघते. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते, काच गार राहते आणि तोच थर विरायला कितीतरी जास्त वेळ घेतो. मात्र अशा दिव्यात खरंच पाणी साचलं तर चालढकल नको, कारण खाली सर्किट बोर्ड असतो आणि अनेक मॉडेलांत तो सुटा मिळत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो.