संगणकशास्त्रातील तर्कशास्त्राच्या परिषदा : शोधनिबंध पाठवण्याची पद्धत

आज्ञावलींची अचूकता, आज्ञावली-भाषांचे अर्थनिर्धारण, प्रकार-सिद्धांत, ऑटोमेटा (अमूर्त गणनयंत्रे), सिद्धता-सिद्धांत यांसारख्या विषयांवरील नवे निष्कर्ष वार्षिक परिषदेच्या कार्यक्रम समितीकडे ठरलेल्या मुदतीत पाठवून त्यांचे परीक्षण करून घेण्याची पद्धत. गणितात परिषदेतील भाषण आणि नियतकालिकातील लेख यांत स्पष्ट फरक करतात. या शाखेत मात्र परिषदेच्या कार्यवृत्तात (स्वीकृत निबंधांच्या संग्रहात) आलेला निबंध हाच बहुधा प्रकाशनाचा मुख्य दाखला धरला जातो. ‘लिक्स’ (लॉजिक इन कॉम्प्युटर सायन्स) आणि ‘सीएसएल’ (कॉम्प्युटर सायन्स लॉजिक) या येथील दोन प्रमुख सर्वसाधारण परिषदा होत. फॉसॅक्स, एफएससीडी, कॅव्ह इत्यादींचे क्षेत्र त्यामानाने मर्यादित आहे.

उगम : लिक्सची पहिली परिषद जून १९८६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे भरली. तिच्या संस्थापकांत अशोक चंद्रा यांची गणना होते. पहिल्या तीन परिषदांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. या परिषदेचे मूळ कोठे शोधावे, याबाबत दोन प्रकारे मांडणी करता येते. एका मांडणीनुसार ती सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदांची शाखा ठरते. १९६० मध्ये स्विचिंग मंडले व तार्किक अभिकल्प या विषयांवरील परिसंवाद म्हणून सुरू झालेली आणि पुढे ‘फॉक्स’ नावाने ओळखली जाऊ लागलेली परिषद, तसेच १९६९ पासूनची ‘स्टॉक’ (संगणनाच्या सिद्धांतावरील परिसंवाद) या त्यांपैकी प्रमुख. स्टीफन कुक यांचा सिद्धताशोधाच्या जटिलतेवरील निबंध १९७१ च्या स्टॉकमध्ये, तर आमिर प्नुएली यांचा कालिक तर्कशास्त्रावरील (काळानुसार बदलणाऱ्या सत्यतेच्या तर्कशास्त्रावरील) निबंध १९७७ च्या फॉक्समध्ये आला होता. तेव्हा तर्कशास्त्राला तेथे जागा नव्हती असे म्हणता येत नाही.

दुसरी मांडणी ‘लॉजिक्स ऑफ प्रोग्रॅम्स’ या कार्यशाळांकडे बोट दाखवते. त्या झुरिक (१९७९), यॉर्कटाउन हाइट्स (१९८१), पिट्सबर्ग (१९८३) आणि ब्रुकलिन (१९८५) येथे भरल्या. एडमंड क्लार्क व ॲलन एमर्सन यांचा मॉडेल चेकिंगचा (प्रणालीच्या सर्व अवस्था यांत्रिक रीतीने तपासून गुणधर्म पडताळण्याच्या पद्धतीचा) पाया घालणारा निबंध यॉर्कटाउन हाइट्सच्या कार्यवृत्तात आहे. पुढील वर्षी झां-पिएर केय व जोसेफ सिफाकिस यांनी स्वतंत्रपणे त्याच दिशेचे काम प्रसिद्ध केले. क्लार्क, एमर्सन व सिफाकिस यांना २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. विषयांची यादी पाहता लिक्सचे नाते या कार्यशाळांशी अधिक जवळचे दिसते. निबंधाचा साचा मात्र, म्हणजे मर्यादित पाने, कडक मुदत आणि आधी निवड मग भाषण हा क्रम, फॉक्स-स्टॉककडूनच आला असावा.

युरोपातील सीएसएलची वाटचाल वेगळी आहे. तिची पहिली कार्यशाळा १९८७ मध्ये कार्ल्सरूए येथे झाली आणि तिचे कार्यवृत्त १९८८ मध्ये निघाले. १९९२ मध्ये या विषयाची युरोपीय संघटना (ईएसीएसएल) स्थापन झाल्यावर तिला परिषदेचे रूप आले. १९९६ पासून साधारण चार वर्षांनी अनेक तर्कशास्त्रीय परिषदा ‘फ्लॉक’ या नावाने एकत्र भरतात.

संक्षिप्त सिद्धतेचा प्रश्न : परिषदेचा निबंध हे प्रकाशन असूनही त्यात बऱ्याचदा पूर्ण सिद्धता मावत नाही, ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. मोशे वार्डी व पिएर वोल्पर यांनी आज्ञावली-पडताळणीचा ऑटोमेटा-सिद्धांतीय मार्ग १९८६ च्या लिक्समध्ये मांडला. त्याच संशोधनधारेतील त्यांचा सविस्तर लेख नियतकालिकात १९९४ मध्ये आला आणि त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातील २००० चे गडेल पारितोषिक मिळाले. अंतर आठ वर्षांचे, आणि दरम्यान हा मार्ग सर्वमान्य झालेला होता. दहाच्या विसाव्या घाताइतक्या अवस्थांच्या प्रणाली तपासण्याची सांकेतिक पद्धत १९९० च्या लिक्समध्ये आली, तिचा लेख १९९२ मध्ये. एवजेनिओ मोज्जी यांचे मोनॅडविषयक (निरनिराळ्या प्रकारच्या गणनांचे एकसारखे वर्णन करणाऱ्या गणिती रचनेविषयीचे) काम १९८९ व १९९१ असे दोन टप्प्यांत प्रसिद्ध झाले. ही सारी यशस्वी उदाहरणे. ज्यांचा सविस्तर लेख कधीच निघाला नाही असे निबंधही कार्यवृत्तांत आहेत, आणि त्यांतील एखादे ‘सहज सिद्ध होते’ पुढच्या अभ्यासकाला महागात पडते.

अलीकडच्या वर्षांत लिक्ससाठी संदर्भसूची वगळून दुस्तंभी मांडणीची सुमारे १२, तर सीएसएलसाठी ‘लिपिक्स’ या कार्यवृत्त-मालिकेच्या मांडणीची १५ पाने अशी मर्यादा दिसते. उरलेली सिद्धता परिशिष्टात जोडता येते, पण परिशिष्ट वाचणे परीक्षकावर बंधनकारक नसते. त्यामुळे काय आत ठेवायचे आणि काय मागे ढकलायचे, हा लेखनातला खरा निर्णय. उदाहरणार्थ, कट-निरसनाच्या (सिद्धतांतून मधल्या साहाय्यक विधानांचा वापर काढून टाकता येतो, या निष्कर्षाच्या) सिद्धतेत नेहमीच्या परिवर्तनांचे प्रकार परिशिष्टात चालतात. जेथे नव्या नियमामुळे विगमनाचे माप (पायरीगणिक घटत जाणारी राशी) बदलावे लागते तो एक प्रकार मुख्य भागात पूर्ण दाखवावा लागतो. एखाद्या तर्काची समाधानक्षमता निर्णेय आहे, म्हणजे त्यातील सूत्र कोठे तरी सत्य ठरू शकते का हे यांत्रिक रीतीने ठरवता येते, असा दावा असेल, तर नेमका जटिलता-वर्ग आणि वरची व खालची सीमा पहिल्या दोन पानांतच आलेली बरी. कोक (आताचे नाव रॉक) किंवा लीनसारख्या सिद्धता-सहायकात (सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या आज्ञावलीत) तपासलेली सिद्धताही काही लेखक सोबत देतात. तिने पायऱ्यांविषयीची शंका मिटते. मात्र व्याख्या योग्य आहेत की नाहीत, हे परीक्षकालाच पाहावे लागते.

मुदत व परीक्षण : आधी शीर्षक व गोषवारा, मग साधारण आठवड्याने पूर्ण निबंध, अशा दोन मुदती असतात. गोषवाऱ्यांवरून समितीचे सदस्य आपापली पसंती व हितसंबंध नोंदवतात. मुदत बहुधा ‘पृथ्वीवर कोठेही’ या हिशोबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या १२ तास मागे मोजतात. निबंध ज्या प्रणालींतून दाखल होतात त्यांपैकी ईझीचेअर ही २००२ च्या सुमारास आंद्रेई वोरोन्कोव यांनी उभारली. स्वयंचलित सिद्धताशोधातील एका तज्ज्ञाची ही निर्मिती तर्कशास्त्राबाहेरच जास्त वापरली जाते. तोच निबंध एकाच वेळी दुसरीकडे पाठवणे सर्वत्र निषिद्ध आहे.

प्रत्येक निबंध सामान्यतः तिघे वाचतात. सदस्य बाहेरच्या उपपरीक्षकांचीही मदत घेतात. निकालापूर्वी लेखकांना उत्तर देण्यासाठी थोडे दिवस मिळतात. या उत्तरात तथ्याची चूक दाखवून देण्याचा उपयोग होतो, महत्त्वाविषयी वाद घालण्याचा क्वचितच. लेखकांची नावे झाकण्याची ‘सौम्य’ रीत अलीकडे रुळली आहे. नावे निबंधावर नसतात, पण मसुदा अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर आधीच ठेवण्यास आडकाठी नसते. नावे वर्णानुक्रमे देण्याची या शाखेतील प्रथा असल्याने प्रथम लेखक कोण, हा प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही.

स्वीकृतीनंतर अंतिम प्रत द्यावी लागते आणि निदान एका लेखकाला नोंदणी करून निबंध वाचावा लागतो. निवडक निबंधांना नियतकालिकाच्या विशेषांकासाठी निमंत्रण मिळते. तेथे पुन्हा परीक्षण होते. लिक्समध्ये विद्यार्थ्यांच्या निबंधासाठी तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांच्या नावाचे पारितोषिक आहे, तर २००६ पासून वीस वर्षांपूर्वीच्या निबंधांना ‘काळाच्या कसोटीचा’ पुरस्कार दिला जातो. वार्डी-वोल्पर यांचा १९८६ चा निबंध त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत होता.