बाबांना बीजगणित येत नाही

बारा वर्षांची मुलगी बीजगणिताचं उदाहरण घेऊन वडिलांकडे येते. ते चष्मा पुसतात, कागदावर काहीतरी मांडतात, खोडतात, पुन्हा मांडतात आणि म्हणतात, "आमच्या वेळची पद्धत वेगळी होती." पाच वर्षांपूर्वी तिने हे निमूट मानलं असतं. आताही ती बोलत काहीच नाही, वही उचलून निघून जाते. पण थाप कळलेली असते.

वडील त्या संध्याकाळी बदलले नाहीत. असल्या थापा ते आधीही मारत होते. बदललं ते मुलीच्या हातातलं माप.

हे माप कसं बदलतं, ते स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी चक्क गोट्यांच्या खेळात शोधलं. मुलांसोबत बसायचं, आपल्याला खेळ येत नाही असं भासवून नियम शिकून घ्यायचे आणि मग हळूच विचारायचं, एखादा नवा नियम आपणच केला तर? लहानग्यांना ते पटायचं नाही. नियम मोठ्यांनी केलेले, काहींच्या मते तर देवाने. ते बदलणं म्हणजे रडीचा डाव. दहा-अकराच्या पुढची मुलं मात्र म्हणायची, सगळ्यांना चालत असेल तर बदलू की. हे सगळं मांडणारं पियाजेंचं पुस्तक १९३२ सालचं.

पुढे बार्बेल इनहेल्डर यांच्याबरोबर काम करताना त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. अकरा-बाराव्या वर्षापासून मुलाला 'जे आहे' त्याच्या शेजारी 'जे असू शकतं' ते उभं करता येऊ लागतं. बीजगणितातला 'क्ष' समजतो तो याच जोरावर. आणि याच जोरावर खऱ्या बाबांच्या शेजारी, बाबा कसे असायला हवेत त्याचं चित्रही उभं राहतं. त्या तुलनेत खरे बाबा हरणारच! पण लढाया का होतात, कुणी उपाशी का राहतं, असले प्रश्न घेऊन जेवताना वाद घालणारं डोकंही हेच. म्हणून 'हल्ली याला कशाचं काही चांगलंच वाटत नाही' ही घरोघरची तक्रार मला उलटी वाटते. चांगलं कसं असावं याची कल्पना आत्ता कुठे त्याची स्वतःची झालेली असते.

याच सुमारास मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर, म्हणजे चेतापेशींचा थर, विरळ होत असतो, आणि त्या भागाची जडणघडण विशी उलटेपर्यंत चालते. मात्र मेंदूचं चित्र दाखवून 'हे बघा कारण' म्हणण्याइतका हा धागा सरळ नाही.

१९८६ साली लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सुझन सिल्व्हरबर्ग यांनी दहा ते सोळा वयाच्या ८६५ मुलांना आईवडिलांविषयी प्रश्न विचारले. आईबाबा क्वचितच चुकतात, असं वाटतं का? वयाबरोबर 'नाही' वाढत गेलं. दुसऱ्या धाटणीचे प्रश्न असे होते : मित्रमंडळींत आईबाबा घरच्यासारखेच वागतात का? म्हणजे पालकपणापलीकडे त्यांचं काही वेगळं आयुष्य आहे, हे मुलांना दिसतं का? इथे वयाबरोबर म्हणावी तशी वाढ आढळली नाही.

म्हणजे देव्हारा रिकामा होतो लवकर, माणूस दिसायला लागतो फार उशिरा. मधली काही वर्षं त्या मुलीपुढे असतो तो बीजगणित विसरलेला, दिवसभर दमून आलेला, मुलीसमोर ओशाळलेला माणूस नव्हे. असतात ते फक्त बीजगणित न येणारे बाबा.