साखरेचं पाणी आणि टाळूवरची सुई

उंदरापुढे दोन बाटल्या ठेवा, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेकडेच वळतो. पण काही आठवडे त्याला अधूनमधून उपाशी ठेवलं, ओल्या भुशात झोपवलं, रात्री दिवे चालू ठेवले, की त्याची गोडाची ओढ आटते. नैराश्यातल्या माणसाचंही असंच होतं. आवडीची पुरणपोळी पानात असते, पण हात पुढे जात नाही.

अशा उंदरांच्या डोक्यावर, टाळूला, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध बारीक सुया टोचून त्यांतून मंद वीज सोडली, तर अनेक प्रयोगांत ती ओढ परत आलेली दिसते. हेच इलेक्ट्रोॲक्युपंक्चर. (ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धती, भारतात आणलं डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले हे डॉक्टर.)

मग मेंदूत काय बदलतं? सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पस या भागात बीडीएनएफ नावाचं प्रथिन घटतं. चेतापेशींना ते खतासारखं असतं. ते कमी पडलं की पेशींच्या फांद्या खुरटतात. उपचार घेतलेल्या उंदरांत ते पुन्हा वाढतं आणि मेंदूतला दाह, म्हणजे आतली सूज, तीही उतरते.

ॲक्युपंक्चरमध्ये सुया पायातही टोचतात. पण पायात टोचलेल्या सुईचा परिणाम इतक्या दूरवर पोचतो कसा? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याचंच उत्तर. २०२१ साली हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटाने उंदरांच्या मागच्या पायातल्या एका खास जातीच्या संवेदी चेतापेशी शोधल्या. सौम्य वीज तिथे दिली की संदेश मेंदूकडे जातो, तिथून व्हेगस नसेवाटे (ही मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी लांब नस) मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत उतरतो आणि शरीरातला दाह कमी होतो. त्या पेशी नसतील तर परिणाम नाही. तीच सौम्य वीज पोटावर दिली तरीही नाही. म्हणजे जागेला अर्थ आहे, आणि तो नसांच्या जाळ्यात सापडतो. हा प्रयोग दाहाचा होता, नैराश्याचा नव्हे. पण याच व्हेगस नसेला वीज देणारं, शरीरात बसवायचं यंत्र अमेरिकेत २००५ पासून हट्टी नैराश्यासाठी मान्य आहे.

सुयांनी माणसांचं नैराश्य हटतं का, याचा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ चाचण्या आणि सात हजारांवर रुग्ण होते. फायद्याची चिन्हं दिसली, पण बहुतेक पुराव्याचा दर्जा कमी ठरला. तेव्हा चालू गोळ्या बंद करून कुणी सुयांकडे जाऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

खरी अडचण तुलनेची आहे. गोळीची चाचणी घेताना दिसायला तशीच साखरेची गोळी देता येते. खोटी सुई कशी द्यायची? संशोधकांनी बोथट सुई बनवली. ती कातडीत न शिरता आपल्याच मुठीत सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. रुग्ण फसतो. पण बोथट टोक कातडीला टेकलं की तिथल्या नसा जाग्या होतातच, आणि त्याच नसांची तर परीक्षा चाललेली असते.