एस.यू. कार्ब्युरेटरची जुळणी

एस.यू. कार्ब्युरेटरची जुळणी : जुन्या, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या मोटारींमधील एस.यू. कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल हवेत मिसळून एंजिनाला देणाऱ्या भागात) पेट्रोल व हवा यांचे प्रमाण, एंजिनाची मंदगती (ॲक्सिलरेटर न दाबता एंजिन चालू राहण्याचा वेग) आणि एकाहून अधिक कार्ब्युरेटर असल्यास त्यांच्यातील समतोल ठरवण्याची क्रिया. गॅरेजात हिला ‘कार्ब ट्यून करणे’ किंवा ‘स्लो बसवणे’ म्हणतात. स्लो बसवणे हा खरे तर तिचा शेवटचा आणि सोपा भाग आहे. या क्रियेने गाडीची ताकद वाढते अशी समजूत असली, तरी बहुतेक वेळा झिजेमुळे आणि आधीच्या चुकीच्या फिरवाफिरवीमुळे गमावलेली ताकदच परत मिळते. मूळ क्षमतेपलीकडे जायचे, तर स्क्रू फिरवून भागत नाही. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई बदलावी लागते.

उगम व वाद : इंधनाचा फवारा करून तो हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर प्रथम कोणी केला, याबद्दल मतभेद आहेत. १८८० च्या दशकातील सुरुवातीच्या मोटारींत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळत. कार्ल बेंट्सच्या तीनचाकीची रचना अशीच होती. हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी ११ फेब्रुवारी १८९३ रोजी फवारापद्धतीचे पेटंट नोंदवले. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखचे पेटंट त्याच वर्षीच्या ऑगस्टमधले आहे. कागदावर हंगेरियन जोडी पुढे आहे. मात्र मायबाखची रचना त्याआधीच प्रत्यक्ष एंजिनावर चालत होती, असे जर्मन बाजूचे लेखक मांडतात. इंग्लंडच्या एडवर्ड बटलरने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच आपल्या तीनचाकीसाठी फवाऱ्याची योजना केली होती, त्यामुळे हा मान त्याला देणारेही आहेत. बटलरची गाडी पुढे फारशी बनली नाही. नंतरच्या कार्ब्युरेटरांची वंशावळ मायबाखच्या नमुन्यापर्यंत अधिक सरळ पोचते, म्हणून ‘प्रथम’ याचा अर्थ ‘ज्याच्यापासून पुढचे झाले’ असा घेणेच सोयीचे. फुले विकणारी मुलगी फुलांवर पाणी फुंकताना पाहून बांकीला कल्पना सुचली, ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

एस.यू. ही अक्षरे ‘स्किनर्स युनियन’ या नावाची आहेत. लंडनमधील लिली अँड स्किनर या पादत्राणांच्या पेढीशी संबंधित घराण्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने या कार्ब्युरेटरची मूळ कल्पना मांडली. धाकटा भाऊ कार्ल याने उत्पादनाची बाजू सांभाळली. पेटंटाचे वर्ष कुठे १९०४, कुठे १९०५, तर कुठे १९०६ दिलेले आढळते. अर्ज आणि मंजुरी यांच्या तारखांची गल्लत होऊन ही तफावत आली असावी. कंपनीची स्थापना मात्र १९१० ची, याबद्दल वाद नाही. सुरुवातीच्या नमुन्यांत आज दिसणाऱ्या धातूच्या पिस्टनाऐवजी चामड्याचा भाता होता. घरचा धंदा चपला-बुटांचा, म्हणून भाता चामड्याचा, असे अनेकदा लिहिले जाते. अनुमान आकर्षक आहे, पण त्या काळी भाता म्हटला की तो चामड्याचाच असे. त्यासाठी बुटांच्या दुकानापर्यंत जाण्याची गरज नाही. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस याने कंपनी विकत घेतली आणि त्यामुळे मॉरिस, एम.जी., वुल्झली व पुढे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बहुतेक गाड्यांवर एस.यू. हाच नेहमीचा कार्ब्युरेटर झाला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मर्लिन एंजिनावरही एस.यू.चाच, पण वेगळ्या रचनेचा कार्ब्युरेटर होता. विमान एकदम खाली झुकवले की त्यातील तरंडकाची (फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या कप्प्यातील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) व्यवस्था बिघडे आणि एंजिन गुदमरे. १९४१ मध्ये फार्नबरो येथील बीट्रिस शिलिंग या अभियंतीने इंधनाच्या वाटेत भोक असलेली छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता उपाय काढला. फ्लोट चेंबरमधील पातळी ही किरकोळ बाब नव्हे, हे पटवून देण्यासाठी मेस्त्रीने हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

रचना : सर्वसाधारण कार्ब्युरेटरात हवेचा घसा ठरावीक मापाचा असतो. एंजिनाचा वेग बदलला की घशातील शोषण बदलते, म्हणून मंदगती, मध्यम वेग, पूर्ण वेग आणि अचानक दिलेला ॲक्सिलरेटर यांसाठी वेगवेगळी जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोके) आणि एक छोटा पंप ठेवावा लागतो. एस.यू.मध्ये घसाच लहानमोठा होतो. वरच्या घुमटाकार डब्यात एक पिस्टन असतो (एंजिनाच्या पिस्टनाशी याचा संबंध नाही). हवा जास्त ओढली गेली की तो वर उचलला जातो, कमी झाली की स्वतःच्या वजनाने व स्प्रिंगने खाली बसतो. त्यामुळे जेटवरचे शोषण जवळजवळ स्थिर राहते. पिस्टनाच्या तळाला निमुळती सुई असते व ती एकमेव जेटमध्ये वरखाली होते. पिस्टन जितका वर, तितका सुईचा बारीक भाग जेटमध्ये आणि तितके पेट्रोल अधिक. जेटांचा संच नाही, पंप नाही.

अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन एकदम उसळला तर मिश्रण क्षणभर पातळ (पेट्रोल कमी) होऊन गाडी अडखळते. ते टाळण्यासाठी पिस्टनाच्या पोकळ दांड्यात तेल आणि छोटा डँपर (पिस्टनाची उसळी मंदावणारा भाग) असतो. सामान्यतः २० क्रमांकाचे एंजिन ऑइल पुरते. जाड तेलाने गाडी ‘जोरात उचलते’ असे सांगणारे पुष्कळ आहेत, पण तेलाचा परिणाम पिस्टन वर जात असतो तेवढ्याच क्षणापुरता असतो. स्थिर वेगात तेल कोणते आहे याने काही फरक पडत नाही. डब्याच्या आतल्या भिंतीला मात्र तेल लावू नये. पिस्टन आणि डबा यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोन कार्ब्युरेटर एकदम उघडून धुताना भागांची अदलाबदल झाली, तर पुढची सगळी जुळणी वाया जाते. असे सर्रास घडते.

सुई : बहुतेक माहितीपुस्तिका जेट वरखाली करणाऱ्या, त्याच्या खालच्या नटाबद्दल बोलतात आणि सुईचा उल्लेख एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात नट सर्व वेगांचे मिश्रण एकदमच पातळ किंवा घट्ट (पेट्रोल जास्त) करतो; कोणत्या वेगाला किती पेट्रोल, हे सुईचा आकार ठरवतो. सुईचा व्यास वरून खाली दर १/८ इंचावर मोजतात व त्या मापांच्या कोष्टकावरून सुई ओळखतात. तिच्यावर अक्षरांची खूण असते. उदाहरणार्थ, पहिल्या ८४८ घ. सेंमी. मिनी या ब्रिटिश छोट्या मोटारीच्या एच.एस. २ या एस.यू. नमुन्यासाठी ‘ईबी’ ही नेहमीची, ‘एम’ ही घट्ट व ‘जीजी’ ही पातळ मिश्रणाची सुई होती.

येथील मापांची नाजूकता सहज लक्षात येत नाही. एच.एस. २ व एच.एस. ४ यांच्या जेटचे भोक ०.०९० इंच, म्हणजे सु. २.२९ मिमी. असते. पेट्रोल जाते ते भोक आणि सुई यांच्यामधल्या कड्यासारख्या फटीतून. एखाद्या ठिकाणी सुई ०.०८५ इंच जाड असेल आणि तिच्या जागी ०.०८४ इंचाची घातली, तर फरक दिसतो इंचाचा हजारावा भाग. पण फटीचे क्षेत्रफळ सु. १९% वाढते. म्हणूनच सुई पॉलिश पेपरने घासून ‘गाडी फास्ट करणे’ हा उद्योग जुगाराच्या जवळ जातो. शिवाय झिजलेल्या जेटात नवी सुई घालणे व्यर्थ असते. जुन्या पद्धतीत सुई पक्की बसवलेली असे आणि जेट तिच्या बरोबर मध्यभागी आणावे लागे. पिस्टन उचलून सोडल्यावर तो ‘टक्’ असा धातूचा आवाज करत बसला म्हणजे जेट मध्यावर आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, धुराचे नियम कडक होऊ लागल्यावर, स्प्रिंगने जेटच्या एका बाजूला टेकून राहणारी सुई आली. तिला मध्यावर आणण्याची खटपट नसते, पण जेट एका बाजूने झिजते. पक्की सुई चांगली की टेकणारी, यावर शौकिनांमध्ये एकमत नाही. एकाच मापाच्या अनेक कार्ब्युरेटरांनी सारखेच प्रमाण द्यावे, या दृष्टीने टेकणारी सुई वरचढ मानावी लागते.

कृती : कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, प्लग, पॉइंट व टायमिंग तपासून घ्यावेत. ‘कार्बमध्ये कचरा आहे’ म्हणून आलेल्या गाडीत दोष अनेकदा ठिणगीच्या यंत्रणेतल्या कंडेन्सरमध्ये सापडतो. थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) दांड्याची बुशे ढिली असतील तर तिथून चोरटी हवा आत येते. अशा कार्ब्युरेटरची मंदगती कोणीच नीट बसवू शकत नाही. फ्लोटची पातळी पाहावी. नायलॉनच्या फ्लोटच्या एच.एस. प्रकारात झाकण उलटे धरले असता फ्लोटची पट्टी व झाकण यांत साधारण ३ ते ५ मिमी. अंतर ठेवतात.

त्यानंतर जेट वर घेऊन पुलाच्या (घशाच्या तळातील, जेट ज्यात बसते त्या उंचवट्याच्या) पातळीला आणावे आणि नट दोन पूर्ण फेरे खाली फिरवावा. नट षट्कोनी असल्याने एका बाजूला ‘एक फ्लॅट’ म्हणतात. दोन फेरे म्हणजे बारा फ्लॅट. ही केवळ सुरुवात. एंजिन चांगले गरम करून, जोडी असल्यास दोन्ही थ्रॉटल जोडणारा दांडा सैल करावा आणि दोन्हीकडून सारखी हवा जाते ना, हे पाहावे. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुसफुस ऐकणे, ही पद्धत हवेचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांच्या काळातही टिकून आहे आणि सरावलेल्या कानाला ती पुरते. समतोल आला की नट एकेक फ्लॅट फिरवून मिश्रण बसवावे, मग पुन्हा समतोल पाहावा, कारण मिश्रण बदलले की मंदगती बदलते. हे दोन-तीनदा करावे लागते. शेवटी एअर फिल्टर बसवून परत तपासावे. फिल्टर काढून केलेली जुळणी फिल्टर लावल्यावर थोडी घट्ट होते.

परीक्षा : पिस्टनखालची पिन दाबून तो सु. ०.८ मिमी. उचलावा. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण घट्ट. वेग लगेच पडला किंवा एंजिन बंद पडले तर पातळ. किंचित वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर. ही कंपनीची परीक्षा, पण ती फक्त मंदगतीची. काचेची खिडकी असलेल्या प्लगातून ज्योत पाहण्याची पद्धतही लोकप्रिय आहे : बन्सन बर्नरसारखी निळी ज्योत योग्य, पिवळी-नारिंगी म्हणजे घट्ट. प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी यावा, काजळी नको आणि पांढरेपणाही नको, हा नियम शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. आजच्या पेट्रोलवर प्लग इतके स्पष्ट बोलत नाही. भाराखाली मिश्रण कसे आहे हे जाणण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन मापक बसवणे सर्वांत खात्रीचे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, तर बचत १५ च्या पुढे. गाडी मालकाला दोन्ही हवे असते. ते एकाच वेगाला मिळत नाही. चढाला एक व सरळ रस्त्याला दुसरे, अशी वाटणी सुईच करते.

ताकदीचा प्रश्न : १९६१ च्या मिनी कूपरला दोन सव्वा इंची एस.यू. होते व ताकद ५५ अश्वशक्ती, साध्या मिनीची ३४. हा आकडा जोड-कार्ब्युरेटरच्या नावावर खपवला जातो, पण कूपरचे एंजिन ९९७ घ. सेंमी.चे होते आणि एंजिनाच्या झडपा उघडणारा कॅमही वेगळा होता. केवळ दुसरा कार्ब्युरेटर लावून एवढी झेप होत नाही. मोठ्या घशाचा कार्ब्युरेटर वरच्या वेगाला थोडी भर घालतो, पण शहरातल्या गर्दीत त्याचा उपयोग होत नाही.

भारतातील संदर्भ : मॉरिस मायनर व त्या काळच्या एम.जी. गाड्यांसोबत एस.यू. येथे पोचला. मुंबईच्या टॅक्सीपट्ट्यात वाढलेल्या मेस्त्रींचा हात मात्र पद्मिनीच्या ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरवर बसलेला असल्याने एस.यू.चा नट त्यांना अनोळखी वाटतो.

घाटाचा परिणाम मोजता येतो. सु. १,३७० मी. उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. १२ ते १३% कमी असते, एस.यू.चे मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने, म्हणजे ६ ते ७% घट्ट होते. उलट, २०% इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवाच पुरते, म्हणून जुन्या जुळणीवर मिश्रण सु. ८% पातळ पडते. ढोबळ हिशोबाने, शुद्ध पेट्रोलवर मुंबईत जुळवलेली गाडी आजच्या पेट्रोलवर महाबळेश्वरला जवळपास बरोबर चालेल आणि मुंबईत पातळ! एक-दोन फ्लॅट खाली घेऊन मंदगती सुधारते. भरधाव वेगासाठी घट्ट सुई लागते. इथेनॉलने जुने रबर व कॉर्कचे वायसर फुगतात, त्यामुळे जुळणीआधी पेट्रोलच्या नळ्या आणि फ्लोट चेंबरची गॅस्केट बदलावीत. सुया, जेट व संपूर्ण कार्ब्युरेटर इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे बर्लेन ही कंपनी आजही बनवते.