विजयदुर्गचे ओटे आणि ताऱ्यांचे मोजमाप

देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यात काही बांधीव ओटे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्टला येथे हेलियमच्या शोधाची आठवण साजरी होते, आणि १८६८ साली याच तारखेला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी या ओट्यांवरून हेलियम शोधून काढला, असे सर्रास सांगितले जाते. ही हकिगत अर्धीच खरी आहे. त्या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गच्या परिसरातून देशात शिरून पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणकडे गेला, हे खरे. पण लॉकियर तेव्हा भारतात आलेच नव्हते. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि ओट्यांचा संबंध लावायचाच तर तो या दुसऱ्या मुक्कामाशी लावणे सयुक्तिक ठरते. या दुरुस्तीने विजयदुर्गचे महत्त्व कमी होत नाही. ताऱ्यांची तेजस्विता कशी मोजावी, त्यांचे अंतर कोणत्या एककात सांगावे आणि त्यांचे आयुष्य कसे वाचावे, या तिन्ही प्रश्नांशी ज्यांची नावे जोडली गेली अशी माणसे या दोन ग्रहणांच्या पट्ट्यांवर उभी होती, आणि हेलियमच्या गोष्टीपेक्षा हा इतिहास अधिक सांगण्यासारखा आहे.

ऑगस्टमध्ये कोकणच्या आकाशाचा भरवसा कोणीही शहाणा निरीक्षक धरणार नाही. त्यामुळे १८६८ साली मोठी पथके घाटापलीकडेच थांबली. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते, फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, तर मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून पसरवून त्याचा वर्णपट (रंगांचा पट्टा) पाहिल्यावर तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. त्यांतली एक रेषा पिवळी होती आणि बहुतेकांनी ती सोडियमचीच मानली. झान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकाने त्याच ज्वाळा पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच साधले, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच बैठकीत वाचली गेली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही पिवळी रेषा ५८७.६ ला येते. एवढ्याशा फरकावर बोट ठेवून ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची आहे असे म्हणण्याचे धाडस लॉकियर यांनी केले. विल्यम रॅमझी यांना तोच वायू एका युरेनियमयुक्त खनिजातून १८९५ साली मिळाला, तोपर्यंत बऱ्याच रसायनज्ञांचा या मूलद्रव्यावर विश्वास नव्हता.

मच्छलीपट्टणला उभे असलेले पॉगसन हे नाव ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या मोजणीत रोज वापरात आहे, मात्र ते ग्रहणामुळे नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस याने डोळ्यांना दिसणारे तारे सहा प्रतींत बसवले, अशी परंपरा आहे: सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे ते सहाव्या. ही विभागणी नजरेच्या अंदाजावर होती, आणि दुर्बिणीतून आणखी मंद तारे दिसू लागल्यावर प्रत्येक निरीक्षकाची प्रत वेगळी येऊ लागली. पहिल्या प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या सुमारे शंभर पट भरतो, हे पूर्वी लक्षात आले होते. पॉगसन यांनी १८५६ साली सुचवले की पाच प्रतींचा फरक म्हणजे नेमका शंभर पट असे ठरवून टाकावे. मग एका प्रतीचा फरक २.५१२ पट होतो. १८६१ पासून ते मद्रासला होते आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. आज व्याधाची प्रत उणे १.४६, अगस्तीची उणे ०.७४ आणि अभिजितची ०.०३ अशी लिहिली जाते, ती त्यांच्याच मापाने.

माप ठरले म्हणजे मोजणी सोपी झाली असे मात्र नाही. विजयदुर्गच्या तटावरून अगस्ती दक्षिणेला समुद्रावर जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत चढतो. त्या उंचीवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने जवळजवळ २.८ पट जाड हवेतून येतो, आणि किनाऱ्यावरची ती हवा दमट आणि खारट असते. म्हणून निरीक्षक एकच तारा वेगवेगळ्या उंचीवर असताना मोजतात, उंचीबरोबर तो किती मंदावतो याचा आलेख काढतात, आणि हवा नसतीच तर तो किती तेजस्वी दिसला असता हे त्यावरून काढतात. पूर्वी हे काम कृत्रिम ताऱ्याशी डोळ्याने तुलना करून चाले, पुढे छायाचित्रांच्या काचा आल्या, मग प्रकाशविद्युत घट आणि शेवटी आजचे इलेक्ट्रॉनिक संवेदक. हवेची वजावट मात्र जमिनीवरच्या प्रत्येक वेधशाळेला आजही करावी लागते.

प्रत कळली तरी तारा खरोखर किती प्रकाश टाकतो हे कळत नाही, कारण त्यासाठी त्याचे अंतर हवे. कोकणच्या ज्योतिषाची परंपरा मोठी आहे. 'ग्रहलाघव' रचणारे गणेश दैवज्ञ मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे, आणि भारतीय ज्योतिषाचा इतिहास १८९६ साली मराठीत प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. पण या परंपरेचा भर ग्रहांच्या आणि नक्षत्रांच्या स्थानांवर होता. सूर्यसिद्धान्तात नक्षत्रांची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या साठ पट सांगितली आहे. ती वेधातून आलेली नाही, गृहीतातून आलेली आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुर्बिणीवर नेमके मोजणारे उपकरण बसेपर्यंत ताऱ्याचे अंतर कोणालाच काढता आले नव्हते.

त्याची रीत तत्त्वतः साधी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यास जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका काढला. आजचे मूल्य ०.२८६ विकलेच्या आसपास, म्हणजे अंतर सुमारे ११.४ प्रकाशवर्षे. हा कोन केवढा, तर देवगडच्या दीपगृहापाशी कोणी दहा रुपयांचे नाणे धरले आणि ते वीसएक किलोमीटरवरच्या विजयदुर्गाहून पाहिले तर त्या नाण्याची रुंदी जेवढी भरेल, साधारण तेवढा. त्याच सुमारास स्ट्रूव्ह यांनी अभिजितचा आणि हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वेधांवरून मित्र (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याचा पराशय दिला. ज्या ताऱ्याचा पराशय एक विकला, त्याचे अंतर एक पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. हे नाव १९१३ साली हर्बर्ट हॉल टर्नर यांनी सुचवले, आणि हेच टर्नर १८९८ च्या ग्रहणाला त्याच पट्ट्यावर, मध्य भारतातल्या शहडोलला, वेध घेत होते.

अंतर हाती आले की हिशेब बदलतो. अगस्ती व्याधाच्या निम्माच तेजस्वी दिसतो. पण व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्ती सुमारे ३१० वर. अंतराच्या वर्गाने प्रकाश घटतो, म्हणून अगस्तीची खरी दीप्ती व्याधाच्या शेकडो पट निघते.

पराशयाची मजल जमिनीवरून काहीशे प्रकाशवर्षांपलीकडे भरवशाने जात नसे. पुढची वाट हार्वर्ड वेधशाळेत काचांवरचे तारे मोजणाऱ्या हेन्रिएटा लीव्हिट यांनी काढली. लहान मॅगेलनी मेघ या दूरच्या ताऱ्यांच्या समूहातल्या एका जातीच्या, ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा आवर्तकाळ जितका मोठा तितकी दीप्ती अधिक, हे त्यांनी १९१२ साली पंचवीस ताऱ्यांवरून दाखवले. सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने ही तुलना शक्य झाली. (हा मेघ कोकणातून जवळजवळ क्षितिजरेषेवरच राहतो, त्यामुळे तो पाहण्याची आशा ठेवू नये.) असा एक तारा देवयानी दीर्घिकेत सापडल्यावर १९२०च्या दशकात हबल यांनी ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे सिद्ध केले.

आता विजयदुर्गला परत येणे भाग आहे, कारण ताऱ्यांच्या आयुष्याचा प्रश्न १८९८ च्या मुक्कामाशी थेट जोडलेला आहे. लॉकियर यांचे त्या काळी एक मत होते: उल्कांच्या थव्यांतून तारे बनतात, आकुंचन पावत तापतात, कमाल तापमानाला पोचतात आणि मग थंड होत विझतात. त्यामुळे तांबडे तारे दोन प्रकारचे असले पाहिजेत, चढणीवरचे आणि उतरणीवरचे. याला पुरावा म्हणून त्यांना सूर्याच्या वातावरणातल्या थरांचे वर्णपट हवे होते. ब्रिटिश नौदलाच्या 'मेल्पोमिनी' जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी घेऊन, मुलगा विल्यम आणि सहायक आल्फ्रेड फाउलर यांच्यासह त्यांनी येथे छावणी टाकली. जानेवारीचे आकाश निरभ्र होते आणि खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. खरे काम मात्र त्या दोन मिनिटांच्या दोन्ही टोकांना होते. चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो त्या क्षणी सूर्याचा पातळ वर्णगोल एखाद-दोन सेकंद उघडा पडतो आणि एरवीच्या काळ्या रेषा एकदम उजळतात. भिंगापुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यात वेगळी फट लागत नाही, कारण सूर्याची नखाएवढी उरलेली कोरच फटीचे काम करते, आणि काचेवर प्रत्येक मूलद्रव्याच्या चंद्रकोरी ओळीने उमटतात. त्याच ग्रहणाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. या क्षेत्रात आधुनिक वर्णपटशास्त्राने काम करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते, तरी आपल्याकडे लॉकियर यांच्या मानाने त्यांची आठवण फार क्वचित निघते, हे बरे नव्हे.

वर्णपटातल्या काही रेषा प्रयोगशाळेतल्या भट्टीच्या उष्णतेत फिक्या दिसत, पण विजेच्या ठिणगीत आणि अधिक तप्त ताऱ्यांत ठळक होत. लॉकियर यांनी याचा अर्थ असा लावला की अतिउष्णतेत मूलद्रव्येच फुटतात. कल्पना त्या रूपात चुकली, पण निरीक्षण अचूक होते. त्याचे उत्तर १९२० साली मेघनाद साहा यांनी दिले: अणू फुटत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन निसटतात, आणि किती निसटतील हे तापमानावर आणि दाबावर ठरते. साहा यांचा पहिला मोठा निबंध सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनावरच होता. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपला सिद्धान्त ताऱ्यांच्या वर्णपटांना लावून पक्का केला, ते प्राध्यापक म्हणजे विजयदुर्गला लॉकियर यांच्यासोबत असलेले फाउलर. साहा यांचे समीकरण वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ साली दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटले नाही, आणि पेन यांना आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल यांनीच तो मान्य केला.

रसेल आणि डेन्मार्कचे हर्ट्झस्प्रुंग यांनी त्याआधी, १९११ ते १९१३ च्या दरम्यान, ताऱ्यांची खरी दीप्ती आणि त्यांचा रंग किंवा वर्ग एका आलेखावर मांडला होता. बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात आले आणि तांबडे तारे दोन ठिकाणी विभागले गेले: प्रचंड दीप्तीचे राक्षसी आणि मंद, लहान असे. तांबड्यांचे दोन प्रकार, एवढ्यापुरते लॉकियर बरोबर ठरले. चढण आणि उतरण मात्र उलटी निघाली, कारण राक्षसी तारा हा बहुधा तरुण नसून म्हातारा असतो. ताऱ्याला ऊर्जा कोठून मिळते हे कळल्यावाचून हे उलगडणार नव्हते. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू सुमारे ०.७ टक्क्यांनी हलका भरतो, आणि हरवलेले वस्तुमान ऊर्जा होत असावे, असे एडिंग्टन यांनी १९२० साली सुचवले. बेथे यांनी १९३८-३९ मध्ये त्या अणुक्रिया तपशिलाने मांडल्या. ग्रहणातल्या पिवळ्या रेषेचे मूलद्रव्य हे ताऱ्याच्या चुलीतली राख निघाले.

त्यावरून आयुष्यही काढता आले. सूर्याला पुरेल इतका हायड्रोजन सुमारे १,००० कोटी वर्षांचा, त्यातली ४६० कोटी सरली आहेत. सूर्याच्या वीस पट वस्तुमानाचा तारा इंधन इतके उधळतो की कोटीभर वर्षांत संपतो आणि अतिनवतारा होतो, म्हणजे त्याचा प्रचंड स्फोट होतो. सूर्यासारखे तारे फुगून राक्षसी होतात आणि मागे श्वेत खुजा तारा उरतो. व्याधाचा १८६२ साली दिसलेला सोबती तसाच आहे, आणि अशा ताऱ्याला सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची मर्यादा असते हे चंद्रशेखर यांनी दाखवले. एका ताऱ्याचे आयुष्य कोणी पाहत बसत नाही. एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा गुच्छ घेतात आणि त्यातले कोणत्या वस्तुमानाचे तारे आलेखातला तिरपा पट्टा सोडून गेले ते पाहतात. कृत्तिकांचे वय अशा रीतीने दहा-बारा कोटी वर्षांच्या घरात येते.

पण गुच्छाचे अंतर चुकले तर हे सारे चुकते, आणि कृत्तिकांनीच तो वाद उभा केला. १९८९ ते १९९३ या काळात वेध घेणाऱ्या हिपार्कोस उपग्रहाने कृत्तिका सुमारे १२० पार्सेकवर ठेवल्या, तर इतर रीतींनी त्या १३५ च्या आसपास येत होत्या. २०१३ साली सोडलेल्या गाया या यानाने अब्जाहून अधिक ताऱ्यांचे वेध घेतले आणि निकाल १३५ च्या बाजूने दिला. मृगातल्या काक्षी या तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या बाबतीत मात्र गायाचाही उपयोग होत नाही, कारण तो त्या यानाच्या संवेदकांसाठी फार तेजस्वी आहे, आणि त्याची तबकडी पराशयाहून मोठी असून तिच्यावरचे उजळ डाग सरकत राहतात. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १.६ प्रतीपर्यंत मंदावला, तेव्हा अतिनवताऱ्याच्या वार्ता पसरल्या; कारण पुढे त्याच्याच उत्सर्जित धुळीत सापडले. त्याचे अंतर अजून ५०० ते ७०० प्रकाशवर्षे असे सैल सांगितले जाते. ते जवळ धरले तर दीप्ती आणि वस्तुमान कमी निघते, दूर धरले तर जास्त, आणि त्याला किती वर्षे उरली आहेत हे गणित त्याप्रमाणे बदलते.