केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर

कोल्हापूर शहरातील संस्थानकालीन नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१३ ते १९१५ या काळात बांधून घेतले. मूळ नाव ‘पॅलेस थिएटर’. १९५७ साली त्याला संगीत रंगभूमीवरील गायक नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मधील आगीत वास्तूचे मोठे नुकसान झाले.

या नाट्यगृहाचा विचार खासबाग कुस्ती मैदानाला वगळून करता येत नाही. दोन्ही वास्तू एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत. इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधले जुने प्रेक्षागार पाहिले आणि तसे काही आपल्या गावात व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. आधी १९१२ मध्ये मैदान झाले, पाठोपाठ थिएटरचे काम निघाले. मैदानात मधला हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक आहे. त्यामुळे अगदी मागच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. कुस्ती आणि नाटक हे दोन्ही शौक रयतेचे, तेव्हा दोन्हींची सोय पक्की हवी, हा विचार या जोडबांधणीत स्पष्ट दिसतो. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला मैदानाकडे तोंड करून एक खुला रंगमंचही होता. एका भिंतीच्या अलीकडे नांदी, पलीकडे तेल-ताक-हळद घालून मळलेली लाल माती, असा शेजार दुसरीकडे सहसा सापडायचा नाही.

त्या काळी नाटक कंपन्या गावोगाव फिरत. पुष्कळ ठिकाणी लाकूड, पत्रा आणि कनाती यांची तात्पुरती थिएटरे उभी करून खेळ लावावे लागत. पावसाचा जोर वाढला की पत्र्यावरच्या आवाजात नटाचे पद बुडायचे. अशा दिवसांत जाड दगडी भिंतींचे कायमचे नाट्यगृह मिळणे ही कंपन्यांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती, हे आज ध्वनिवर्धकाची सवय झालेल्या कानांना चटकन उमगणार नाही. प्रेक्षागृहाच्या मध्ये कुठेही नजर अडवणारा खांब नव्हता. गाणाऱ्याचा आवाज कोणत्याही यंत्राशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, ही त्या काळच्या नाट्यगृहाची पहिली गरज होती, आणि संगीत नाटकाचा तर सगळा डोलारा त्यावरच उभा होता.

शाहू महाराजांचा आश्रयही भरीव होता. गायक अल्लादिया खाँ दरबारात होते. तरुण बालगंधर्वांच्या कानावर मिरजेत उपचार व्हावेत अशी व्यवस्था महाराजांनीच केली होती. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हेही कोल्हापूरचेच.

केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचा जन्म याच शहरातला. लहानपणी ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने ते गाजले. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तडफदार, चढ्या पट्टीचे गाणे ही त्यांची ओळख. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या खेळात, ते नायक धैर्यधर होते, तर बालगंधर्व नायिका भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या गावातल्या रंगमंदिराला त्यांचेच नाव मिळाले, हे उचितच झाले.

पुढे नाट्यगृह महापालिकेकडे आले आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण झाले. संगीत नाटकांचा बहर ओसरल्यावरही राज्य नाट्य स्पर्धा, व्यावसायिक नाटके, गाण्याच्या मैफली, शाळांची स्नेहसंमेलने यांनी ते भरलेले असे. कोल्हापुरातल्या कितीतरी कलावंतांनी तोंडाला पहिला रंग इथेच लावला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, पडदे, खुर्च्या आणि छप्पर जळाले. दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. कलाकार आणि रसिक नाट्यगृहापाशी जमले. अनेकांना रडू आवरले नाही. वास्तू मूळ रूपातच पुन्हा उभी करावी ही मागणी तेव्हापासूनच पुढे आली, राज्य सरकारनेही निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. दर्शनी भाग जुन्यासारखा करणे त्यामानाने सोपे आहे. खरा कस लागेल तो छपराखालच्या आवाजाच्या घुमाऱ्याचा, कारण तो दगडाइतकाच जळून गेलेल्या लाकडावरही अवलंबून असतो.